नवव्या पायरीचा विणकर

परळ, १४ नोव्हेंबर १९८२

हेरंबा,

तुझं पत्र मंगळवारी हातात पडलं. फासा सतरा पडला म्हणतोस, म्हणजे झिलू पुलावरून पार झाला. मी खाटेवर बसून एकटाच हसलो, तर मंजुळा म्हणाली, संपात माणसं वेडी होतात ते ऐकून होते, आता घरातच बघायला मिळालं. तिला सांगितलं की माझा गडी धुक्याचा पूल विणून दरीपलीकडे गेला. ती म्हणाली, गेलाच आहे तर येताना रॉकेल आण म्हणावं. बायकोला या खेळातलं कळत नाही, आणि मी समजावायला गेलो की मलाही कळेनासं होतं.

आपण दोघं वॉर्डात शेजारच्या खाटांवर काविळीने पिवळे होऊन पडलो होतो, त्याला या महिन्यात तीन वर्षं होतील. तुझ्या गंगाधरमामाने बोटीवरून आणलेली ती परदेशी पुस्तिका आणि वीस बाजूंचा फासा नसता तर मी मोसंबी सोलूनच मेलो असतो. तू वाचून अर्थ सांगायचास आणि मी डोळे मिटून त्यातलं शहर बघायचो; जग तू सांगायचं, चाल माझ्या झिलूने करायची आणि जमलं की नाही ते तू टाकलेल्या फाशाने ठरवायचं. घरी आल्यावर खेळ पत्रांतून चालवायचा आणि भेटायचं नाही, हे ठरवलं ते बरं केलं. परळहून गिरगाव काय लांब आहे, पण भेटलो की आपण संपावर बोलू आणि झिलू तिकडे ताटकळत राहील.

आता चाल ऐक. झिलू पुलावरून उतरला तो थेट वाळूवर. पुढे तो समुद्र, तू लिहिलास तसाच, सायीसारखा, लाट नाही की आवाज नाही. तळाशी दिवे लागलेत. बुडालेल्या शहराच्या मधोमध मनोरा, आणि मनोऱ्यात झिलूच्या गावाचा सगळा आवाज कोंडून ठेवलेला. तिथवर जायचं कसं? विणकराचे सगळे मंत्र मी परत काढून बघितले. धुकं विणता येतं, सावली उसवता येते, वारा गुंडाळून काखेत मारता येतो. पाण्यावर ताणाच बसत नाही. म्हणून झिलूला नावाड्याची विद्या घ्यायची आहे. तो नवव्या पायरीचा विणकर आहे. आता नावाडी झाला तर त्याच्या मंत्रांचं काय होणार? दोन विद्यांचा नियम पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असेल, पण ती पानं बोटीवर भिजून चिकटली होती ना? तू काय तो निकाल दे. निकालाशिवाय मी पाण्यात पाय घालणार नाही.

इकडे विशेष काही नाही. संपाला दहा महिने झाले. रोज गिरणीच्या गेटसमोर जाऊन उभा राहतो. आपल्या वॉर्डातला तिसरा पिवळा आठवतो ना, मच्छीमार नगरचा तुळशीदास, पथ्याच्या पेजेबरोबर बोंबील मागायचा? तो परवा आला होता. त्यांना जाळी विणायला माणूस हवाय, हात बसला की बोटीवर घेतो म्हणाला, कायमचा. विणकराच्या बोटांना गाठ लगेच येईल म्हणतो. होळीपर्यंत सांगतो म्हटलंय. अकरा वर्षं साच्यावर कापड विणण्यात काढली रे, आता चौतिसाव्या वर्षी पाटी घेऊन पहिलीत बसायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. बघू. तू निकाल लवकर कळव.

तुझा,
दौलत


गिरगाव, २० नोव्हेंबर १९८२

दौलत,

तुझी चाल वाचून दोन दिवस मी ऑफिसात जावक पत्रांवर आवकचे शिक्के मारले. साहेबांनी विचारलं, प्रकृती बरी आहे ना? आता त्यांना काय सांगू, की झिलू वाळूवर उभा आहे.

प्रश्न फार मोलाचा आहे. आधी जे नक्की माहीत आहे ते मांडतो, म्हणजे पुढे वाद नको. गड्याला मंत्र पाठ असला तरी तो त्याच्या मनातल्या एका घरात बसवावा लागतो. म्हटला की घर रिकामं, झोप काढली की पुन्हा भरतं. नवव्या पायरीला चार लहान घरं, तीन मधली, दोन मोठी. लहान मंत्र मोठ्या घरात बसवता येतो, मग तो लांबवर पोचतो. मोठा मंत्र लहान घरात मावत नाही. इथपर्यंत पुस्तिका स्वच्छ बोलते. दोन विद्यांचं प्रकरण मात्र त्या चिकटलेल्या पानांत अडकलंय. ओढली तर फाटतील, म्हणून मी त्यांना हात लावत नाही.

तेव्हा निकाल मलाच द्यावा लागणार. मी तो नीट विचार करून देतो आहे. झिलूने नावाड्याची विद्या घेतली की तो नावाड्याच्या पहिल्या पायरीवर आला. घरंही पहिल्या पायरीची, म्हणजे दोन, आणि दोन्ही लहान. विणकराचे मंत्र त्याला पाठ राहतील, कुणी काढून घेणार नाही, पण बसवायला घर नसल्यामुळे मोठे मंत्र म्हणता येणार नाहीत.

तुला हे कडक वाटेल, पण न्याय हाच आहे. आमच्या ऑफिसातला रघुवीर चौदा वर्षं आवक विभागात होता. आपण होऊन हिशेब विभागात गेला. ज्येष्ठतेच्या नव्या यादीत नाव कुठे, तर तळाला, कालच्या पोरांच्या खाली. चौदा वर्षं गेली पाण्यात. आपल्या इच्छेने वाट बदलणाऱ्याला मागचं धरून पुढे जाता येत नाही, नाहीतर एका जागी निष्ठेने बसणाऱ्याला अर्थ काय राहिला?

समुद्र तसाच आहे. तळाच्या दिव्यांपैकी एक हळूच विझला. झिलूच्या पायाशी एक नाव येऊन लागली आहे. तिच्यात कुणी नाही, पण फळ्या ओल्या आहेत, जणू आत्ताच कोणी उतरून गेलं. पाय घालतो का, ते कळव.

आई विचारते, तुझ्या त्या परळच्या मित्राकडे सगळं ठीक ना. मी सांगितलं, झकास चाललंय.

तुझा,
हेरंब


परळ, १ डिसेंबर १९८२

हेरंबा,

निकाल वाचला. चार वेळा वाचला. चूक आहे रे.

तू पुस्तिका वाचलेला, मी सातवीत शाळा सोडलेला, तरी सांगतो. तुझा हा नियम टेबलाचा आहे. आमच्याकडे तसं नसतं. मी पाच वर्षं बदलीवर काढली. सकाळी गेटवर उभं राहायचं, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवेल त्याने आत जायचं. आज आजारी माणसाच्या साच्यावर, उद्या दुसऱ्या रांगेत, परवा सूत गुंडाळायच्या खात्यात. रोज वेगळा साचा आणि वेगळी खोड. पण दिवस? दिवस सगळे हजेरीच्या एकाच पासावर चढायचे. कुठल्या साच्यावर भरलास हे कुणी विचारत नव्हतं. माणूस उभा राहिला, घाम गाळला, दिवस त्याचा झाला. असे दिवस भरत भरत मी कायम झालो.

म्हणून माझं म्हणणं असं. मंत्र विद्येचे असतात, ते वेगळे राहू देत. नावाड्याच्या पहिल्या पायरीला पहिल्या पायरीचाच मंत्र येणार, मी कुठे जास्त मागतोय? पण घरं विद्येची नसतात, घरं माणसाची असतात. विणकर म्हणून नऊ आणि नावाडी म्हणून एक, म्हणजे झिलू दहा पायऱ्या चढलेला माणूस आहे. त्याची घरं दहाव्या पायरीची धर. मोठी घरं आहेत, त्यात ठेवायला नावाड्याचा चिमुकला मंत्र आहे. ठेवू दे ना त्याला. कुणाचं काय जातं?

मंत्र पाठ आहेत आणि घर नाही असं तू लिहिलंस. ते वाचून मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. इथून गिरणीची चिमणी दिसते, अगदी साफ, धूर नाही काही नाही. कानात मात्र साचे चालूच असतात. मी बोलतो तेव्हा मंजुळा म्हणते, ओरडू नका, साचे बंद आहेत.

माझी चाल अशी. झिलूने नाव धरून ठेवली आहे, पाय घातलेला नाही. तू परत विचार कर. तुळशीदासही मध्ये विचारून गेला. त्याला म्हटलं, थांब जरा, एका निकालाची वाट बघतोय. तो समजला कोर्टाचं काहीतरी आहे.

दौलत


गिरगाव, ९ डिसेंबर १९८२

दौलत,

तुझा मुद्दा चतुर आहे. वकील झाला असतास तर पक्षकार आणि न्यायाधीश दोघंही तुझ्याच खिशात असते. पण तो मान्य करता येत नाही.

उद्या प्रत्येक गडी चार विद्यांतली एकेक पायरी चढेल आणि मोठी घरं मागायला येईल. मग नऊ पायऱ्या एका विद्येत झिजणाऱ्याने काय करायचं? मी चौदा वर्षं एका टेबलाशी बसलो आहे. माझ्या पुढे दोन माणसं आहेत, ती गेली की मी मुख्य कारकून. मधल्या काळात मला दोनदा दुसरं खातं देऊ केलं होतं, मी नम्रपणे नाही म्हटलं. बसून राहण्यालाही काही किंमत असली पाहिजे, नाही का? बदली कामगाराचे दिवस धरतात कारण गिरणी एकच असते. गिरणी सोडून समुद्रावर गेलेल्याचे दिवस कोण धरणार?

तेव्हा निकाल कायम, आणि हा शेवटचा. रागावू नकोस, खेळ नियमानेच गोड लागतो.

नाव अजून आहे. समुद्राच्या तळाशी कुणीतरी खिडक्या उघडतंय, एकामागून एक. झिलूला बोलावल्यासारखं वाटतं, पण आवाज नाही.

हेरंब


(पोस्टकार्ड)
परळ, १६ डिसेंबर १९८२

चाल: झिलू नाव सोडून देतो आणि वाळूवर बसतो.
दौलत


(पोस्टकार्ड)
परळ, ४ जानेवारी १९८३

चाल: बसतो.
दौलत


गिरगाव, १० जानेवारी १९८३

अरे दौलत,

किती रुसायचं ते? मी मधल्या पत्रांतून तुझ्या झिलूसाठी वाळूत तीन खेकडे, एक आंधळा मोतीवाला आणि पांढरी होडकी पाठवली, आणि तू म्हणतोस 'बसतो'. मांजर तरी बसल्या जागी शेपूट हलवतं. लहान मुलासारखं करू नकोस. मोतीवाला त्याला विचारतोय, काय विकत घेणार? उत्तर दे.

हेरंब


परळ, १८ फेब्रुवारी १९८३

हेरंबभावजींना मंजुळाचा नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही, घरात हे तुमचं नाव कधी घेत नाहीत. तुमचा पत्ता यांच्या उशीखालच्या पत्रांवरून घेतला. पत्रं वाचली, त्याबद्दल राग आला तर येऊ दे. मला पुढची-मागची सगळी वाचावी लागली, कारण घरातला माणूस बोलायचा बंद झालाय.

हे सकाळी आठला जातात आणि गिरणीच्या गेटसमोर उभे राहतात. पूर्वी दहाजण असायचे, गप्पा व्हायच्या. आता कोण भाजी विकतो, कोण गावी गेला. हे एकटेच असतात. दुपारी जेवायला येतात, परत जातात. मी चाळीतल्या दहा-बारा माणसांचे डबे करते, आमचं भागतं, त्याची काळजी नाही. मला काळजी या माणसाची आहे.

तुळशीदासभाऊ महिन्यापूर्वी परत आले. यांनी त्यांना सरळ नाही सांगितलं. मी भांडले. म्हटलं, हाताला काम मिळतंय, चांगला माणूस बोलावतोय, नाही का म्हणता? तर म्हणाले, हेरंबाने निकाल दिलाय, मागचं काही धरत नाहीत, परत पहिल्या पायरीवर यावं लागतं. मला वाटलं हेरंब म्हणजे युनियनचा कोणी मोठा माणूस असेल. मग पत्रं वाचली तेव्हा कळलं की खेळातला निकाल आहे. मी कपाळावर हात मारला.

भावजी, मला तुमचा खेळ कळत नाही. मंत्र, घरं, पायऱ्या, मला सगळं सारखंच. पण एवढं कळतं की या माणसाने आयुष्यात कुणाला सल्ला विचारला नाही. आईला नाही, मला तर नाहीच. तुम्हाला विचारलं. सरळ विचारायची लाज वाटली म्हणून त्या झिलूच्या तोंडून विचारलं. आणि तुम्ही त्या झिलूलाच उत्तर दिलंत.

तुळशीदासभाऊ होळीपर्यंत थांबतो म्हणालेत, माझ्याकडे बघून. पुढे दुसरा माणूस ठेवतील. तुम्ही शिकलेले आहात. काय करायचं ते तुम्ही बघा.

मंजुळा


गिरगाव, २४ फेब्रुवारी १९८३

दौलत,

हे पत्र खेळाचं नाही. खेळाचं शेवटी आहे, पण तोवर वाच.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी परळला आलो होतो. तू गेटसमोर उभा होतास. तीन वर्षांनी पाहिलं, काविळीतसुद्धा तू इतका वाळला नव्हतास. मी समोरच्या पानाच्या दुकानाशी उभा राहिलो. हाक मारणार होतो, खरंच मारणार होतो. पण तू ज्या पद्धतीने त्या बंद गेटकडे बघत होतास ते बघितलं. हा माझ्या निकालाने इथे उभा केलेला माणूस आहे, असं वाटलं. मी परत फिरलो. घरी येऊन रडलो. आई घाबरली, तिला वाटलं नोकरी गेली.

मग एक काम केलं, जे नोव्हेंबरातच करायला हवं होतं. आईने चहाची किटली ठेवली होती, तिच्या वाफेवर ती चिकटलेली पानं धरली. पाकिटावरचं शिक्का न बसलेलं तिकीट आपण सोडवतो ना, तसं. तासभर धरली. पानं सुटली, एकही फाटलं नाही. आत काय होतं सांगू? काही नाही. शाई पूर्ण धुवून गेली आहे. नुसते निळसर ढग, कुठे एखाद्या अक्षराची शेपटी. दोन विद्यांचा नियम या जगात कुठे लिहिलेला असेलही, माझ्याकडे तो नव्हता. मी माझ्या ऑफिसातली ज्येष्ठतेची यादी तुझ्या झिलूच्या डोक्यावर आपटली आणि तिला न्याय म्हटलं.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती सांगतो. रघुवीर तळाला गेला हे लिहिलं. हे नाही लिहिलं की तो मजेत आहे. आवक विभागात चौदा वर्षं आलेली पत्रं वाचून त्याला कोणता माणूस कुठे खोटं बोलतो ते कळतं, म्हणून नव्या खात्यातले थोरसुद्धा फायली घेऊन त्याच्या टेबलाशी येतात. यादीत तळाला आणि टेबलाशी गर्दी. मला ते बघवत नव्हतं. दोनदा मला बोलावलं आणि दोनदा मी घाबरून नाही म्हटलं. तुझा प्रश्न आला तेव्हा मी तुला उत्तर दिलंच नाही, स्वतःची बाजू मांडत बसलो. मला माफ कर.

निकाल मागे घेतो. नवा निकाल देतो आणि पुस्तिकेच्या त्या कोऱ्या पानावर शाईने लिहून ठेवतो. विद्येचे मंत्र विद्येपुरते. घरं माणसाची, आणि ती सगळ्या पायऱ्यांची मिळून धरायची. हा नियम दौलतचा आहे, असंही खाली लिहिलं आहे.

आता खेळ. झिलू वाळूवरून उठला. नाव कुठे गेली नव्हती, थोडी बाजूला सरकून त्याच्याकडे बघत होती. त्याने पाय घातला. नावाड्याचा पहिला मंत्र त्याला आला, अगदी बारका: पाण्याला एक गाठ मारायची, मुठीएवढं पाणी क्षणभर धरून ठेवायचं. पहिल्या पायरीचा नावाडी हा मंत्र म्हणतो तेव्हा एक लाट थबकते, बस. झिलूने तो आपल्या सगळ्यात मोठ्या घरात बसवला, जिथे आजवर धुक्याचे पूल राहायचे. आणि म्हटला.

पुढे काय झालं मला माहीत नाही. मी फासा टाकलेला नाही. सोबत रजिस्टरने फासा पाठवतो आहे. तू टाक. आजवर तुझे फासे मीच टाकत आलो, ते काही बरोबर नव्हतं.

तुळशीदास होळीपर्यंत थांबणार आहे. हे मला कसं कळलं ते विचारू नकोस, आणि जिने कळवलं तिच्यावर रागावू नकोस.

तुझा,
हेरंब


(पोस्टकार्ड)
परळ, ९ मार्च १९८३

फासा पोचला. आकडा सावकाश कळवतो.
दौलत


मच्छीमार नगर, कफ परेड, १२ फेब्रुवारी १९८४

हेरंबा,

वर्ष होत आलं. तू चार पत्रं पाठवलीस, सगळी मिळाली, आणि मी एकाचंही उत्तर लिहिलं नाही. हातांना फुरसत नव्हती, आणि मनालाही. आता सगळं एकदम सांगतो.

होळीच्या चार दिवस आधी तुळशीदासकडे गेलो. जाताना गेटवरून गेलो, थांबलो नाही. पहिले पाच महिने सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमध्ये बसून जाळी विणली आणि सांधली. सुई लाकडाची, दोरा नायलॉनचा. बोटांना कापायचा. माझ्या शेजारी बसणारी म्हातारी काशीबाई माझ्या चौपट वेगाने हात चालवायची आणि हसायची. म्हणायची, गिरणीवाल्या, तुझा साचा कुठे ठेवून आलास? मला राग यायचा. घरी येऊन मंजुळाला म्हणायचो, उद्यापासून जात नाही. ती डबे भरत असायची, वर बघायचीसुद्धा नाही.

नारळी पुनवेनंतर बोटीवर घेतलं. बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, तुळशीदासचा बाप बुधाजी. साठीचा असेल. कामापुरतं बोलतो, तेही अर्धं. मला पहिल्या दिवशी उलट्या झाल्या तेव्हा त्याने फक्त वाऱ्याची बाजू दाखवली. पण हेरंबा, पहाटेच्या वेळी किनारा मागे पडतो ना, तेव्हा तुझाच समुद्र असतो रे. सायीसारखा. चिमण्या, इमारती, सगळं धुक्यात एकेक करून पुसलं जातं आणि बोटीच्या इंजिनाखाली मला साच्यांचा आवाज ऐकू येतो, दूर, पाण्याखाली कुठे चालू असल्यासारखा. मी कान लावून बसतो. पहिले काही दिवस बरं वाटायचं, मग वाईट वाटायला लागलं, आता दोन्ही वाटतं.

दिवाळीत निरोप आला. गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली आणि यादीत माझं नाव नव्हतं. मी गेलो नसतो बहुतेक, पण नाव नाही म्हटल्यावर बसकण मारली. मंजुळासमोर पोरासारखा रडलो. अकरा वर्षं, आणि कागदावर एक ओळ नाही. ती म्हणाली, रडून घ्या, पाणी तापवते.

फासा अजून टाकलेला नाही. मंजुळाने देव्हाऱ्यात ठेवलाय, तिला वाटतं काहीतरी मंत्रातलं आहे. राहू दे. झिलूचं आणि माझं काय झालं ते सांगतो.

परवाची गोष्ट. आम्ही जाळं ओढत होतो, पाचजण. मधोमध माझा हात. एकदम दोराचा ताण बदलला. फार नाही, केसभर. साच्यावर हजार धाग्यांतला एक तुटला की ठोका बदलतो, ते कानाला कळायच्या आधी तळहाताला कळतं, तसं झालं. मी ओरडलो, थांबा, खाली फाटलंय. पोरं म्हणाली, काही नाही, ओढा. बुधाजीने हात वर केला. सगळे थांबले. मग त्याने हळूहळू, एका बाजूने ओढायला लावलं. जाळं वर आलं तेव्हा तळाशी हातभर फाट होती, आणि ती पुढे धावायच्या बेतात होती. जोराने ओढलं असतं तर सगळं जाळं उसवून मासळी गेली असती. मी तिथेच गुडघ्यावर बसून सुई काढली आणि फाट धरली. तेवढं एकच काम मला येतं, पण ते चांगलं येतं.

परत येताना बुधाजी नेहमीसारखा मागे बसला होता. मला जवळ बोलावलं. म्हणाला, किती वर्सं झाली रं तुला कामाला?

तुळशीदास ऐकत होता, पोरंही. तोंडात 'एक' आलं होतं. तेसुद्धा पुरतं झालं नव्हतं.

मी म्हटलं, बारा.

पोरं हसली. म्हातारा हसला नाही. माझ्या हातांकडे बघितलं, थोडा सरकला आणि शेजारी बसायला जागा केली.

तुझा,
दौलत